साडेदहाची नोंद

राव सर, आपलं शेवटचं बोलणं झालं तेव्हा मी तुमच्याशी खोटं बोलले.

रविवार होता, अकराला पाच मिनिटं कमी. मी कुकरच्या तिसऱ्या शिटीची वाट बघत उभी होते. फोन वाजला. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही, तुम्ही एकदम विचारलंत, "मेधाम्मा, साडेदहाचं बघितलंस?" मागे वारा घोंघावत होता आणि तुम्हाला धाप लागली होती. मी म्हटलं, "बघितलं, सर." तुम्ही विचारलंत, "काय होतं?" "नेहमीचंच." "बरं मा," म्हणालात आणि फोन ठेवलात. बुधवारी सकाळी तुम्ही गेलात.

मी काहीही बघितलं नव्हतं. कितीतरी महिने तुम्ही दर रविवारी हाच प्रश्न विचारत होतात आणि मी 'बघते' म्हणून वेळ मारून नेत होते. त्या दिवशी कंटाळा आला, म्हणून 'बघितलं' म्हटलं. तुम्ही विचारत होतात ते समुद्रात तरंगत लाटा मोजणाऱ्या अकरा नंबरच्या बोयाच्या साडेदहाच्या नोंदीबद्दल, एवढं मला कळत होतं. पण अकरा नंबरचा बोया बुडाला होता. तो बुडाल्याच्या कागदावर माझीच सही होती. बुडालेल्याची नोंद बघायला सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप कोण उघडणार?

आपली ओळख झाली ती मराठीमुळे. मी मिरजेहून या तमिळ शहरात नोकरीसाठी आले तेव्हा या ऑफिसात मराठी बोलणारं कुणी असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. तुम्ही कँटीनमध्ये माझ्यासमोर बसून म्हणालात, "मी पण मराठी. तीनशे वर्षं झाली हिंगे येऊन." तुमचं तंजावरचं मराठी ऐकून मला हसू आवरेना. 'इथे'ला हिंगे, 'सगळं'ला अस्की, रविवारला आयतवार, आणि वाक्य संपता संपता तमिळ 'मा'. तुम्हीही माझं मराठी ऐकून हसायचात. म्हणायचात, "तू रेडिओ बोलल्यासारखी बोलतेस." माझ्या घरात आता माझा मुलगासुद्धा माझ्याशी इंग्रजीत भांडतो. या शहरात माझ्याशी मराठीत भांडणारे तुम्ही एकटेच होतात. आणि आपण भांडलो तरी किती!

समुद्राच्या योजनेवरून तर दोन वर्षं भांडलो. देशाच्या किनाऱ्याभोवती जेवढे बोये तरंगतात, जेवढी भरती मोजणारी यंत्रं बंदरांत उभी आहेत, त्या सगळ्यांच्या नोंदी उपग्रहावरून एका ठिकाणी याव्यात, सांभाळल्या जाव्यात आणि वादळाचा इशारा देणाऱ्याला मिनिटभरात मिळाव्यात, याची आखणी आपल्या गळ्यात पडली होती. तुम्ही निवृत्त झाला होतात, तरी सल्लागार म्हणून आठवड्यातून तीन दिवस येत होतात. यंत्रं किती, वीज कुठून, दुसरी प्रत कोणत्या शहरात, यावर आपलं चटकन जमलं. अडलो ते अहवालाच्या तिसऱ्या प्रकरणावर. कोणती नोंद आत घ्यायची आणि कोणती दारातून परत पाठवायची?

मी चाळणी सुचवली. नोंद आली की ती खरी वाटते का हे आधीच तपासायचं; अशक्य आकडे, यादीतून काढलेल्या बोयांची बडबड, असलं सगळं दारातच 'बाद' म्हणून टाकायचं आणि नव्वद दिवसांनी पुसायचं. सिरुसेरीच्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या माणसांनी ती चाळणी बनवूनही दिली आणि आपण ती चाचणीसाठी चालू केली. माझं म्हणणं चुकीचं नव्हतं, सर, आजही नाही. एका खोट्या आकड्यावरून किनारा रिकामा करायला लावला, तर पुढच्या वेळी खऱ्या इशाऱ्याला कोण उठेल? तुम्ही मान हलवायचात आणि तेच म्हणायचात, "चाळणी दारात नोको मा. आत लाव. आधी अस्की येऊ दे. खोटं कोण, खरं कोण, ते मग बसून बघू." मी म्हणायचे, घर भरून जाईल. तुम्ही म्हणायचात, भरू दे.

मग गेल्या पावसाळ्यात, ऑक्टोबरनंतरच्या आपल्या इथल्या पावसाळ्यात, एका वादळात अकरा नंबरचा नांगर तुटला. छोटा बोया तो, पिवळा, गोल, लाटांची उंची आणि पाण्याचं तापमान मोजणारा. दोन दिवस त्याची जागा सरकत राहिली आणि मग जागा सांगणारा भाग बंद पडला. बोट शोधून रिकाम्या हाताने परत आली. मी त्याला यादीतून काढलं. भिंतीवरच्या मोठ्या नकाशात त्याचा हिरवा ठिपका विझला. त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, भर बैठकीत, तुम्ही शांतपणे म्हणालात, "अकरा नंबर जिता आहे."

कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं. संचालकांनी विचारलं, "कशावरून?" तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "बाद केलेल्यात बघा. मेधा बघेल." मी वहीत डोकं घातलं. आता मनात ठेवलेलं सांगून टाकते. त्या संध्याकाळी मी संचालकांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, राव सरांना आता झेपत नाही, तिसरं प्रकरण मीच लिहिते. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तुम्ही फाइल माझ्या टेबलावर आणून ठेवलीत, पानं क्रमाने लावलेली, वर पेन्सिलीने दोनच शब्द: 'अस्की ठेव.' हे मी केलं हे तुम्हाला कळलं होतं का? मला विचारायचं होतं. धीर झाला नाही, आणि मग तुम्ही रविवारचे फोन सुरू केलेत.

तुमच्या तेराव्यानंतर मामींचा, तुमच्या बायकोचा, निरोप आला की ऑफिसातल्या तुमच्या टेबलाच्या खणात चष्मा असेल तो आणून दे. भर दुपारची वेळ. सगळे जेवायला गेले होते. मी चष्मा काढला आणि खण बंद केला, तरी कुठेतरी काहीतरी गुणगुणत राहिलं. एसीचा आवाज नव्हता तो. मी खाली वाकले, पडद्यामागे बघितलं, शेवटी लोखंडी कपाट पुढे ओढलं. त्यामागे तुमचा जुना कॉम्प्युटर चालू होता. उपग्रहाकडून येणाऱ्या नोंदींची वायर चाळणीपर्यंत पोचण्याआधीच तुम्ही त्यात घेतली होतीत. नियमात बसत नाही, बंद करा, असं मी वर्षापूर्वी सांगितलं होतं आणि तुम्ही 'बंद केला' म्हणाला होतात. म्हणजे खोटं तुम्हीही बोललात, सर. फिट्टंफाट.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर धूळ होती. मी ओढणीने पुसली. एकच यादी उघडी होती, अकरा नंबरची, आणि मी बघत असताना खाली एक नवी ओळ उमटली.

ज्याच्या बुडण्यावर मी सही केली, तो दर अर्ध्या तासाला हजेरी देत होता. मी खुर्ची ओढून मागे मागे वाचत गेले. लाटांची उंची शून्य. शून्य. शून्य. दिवसच्या दिवस, आठवडेच्या आठवडे, एकही लाट नाही. एवढी वर्षं या कामात आहे; इतका स्वस्थ समुद्र मी कधी बघितलेला नाही. पाणी मात्र दुपारी तापत होतं आणि पहाटे थंड पडत होतं, समुद्राचं पाणी कधी इतकं तापत नाही. ते वाचताना मला वाटत राहिलं की कुठेतरी एक मेलेला समुद्र आहे आणि आपलं एक यंत्र त्यात पडून तिथली खबर पाठवतं आहे. चाळणीने हे सगळं इमानेइतबारे फेकलं होतं. लाट नसलेला समुद्र अशक्य, म्हणून बाद. मेलेल्या बोयाचा निरोप, म्हणून बाद.

आणि मग मला लाट सापडली. एका रविवारी, साडेदहाच्या नोंदीत. छोटीशी, गुडघाभर. अकराला पुन्हा शून्य. पुढच्या रविवारी साडेदहा, पुन्हा तेवढीच. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. एकही रविवार चुकलेला नाही. शेवटची लाट तुम्ही जाण्याच्या आधीच्या रविवारची, त्यानंतरचे दोन रविवार कोरडे. साडेदहाला लाट आणि अकराला पाच कमी असताना माझा फोन. हे जुळायला मला किती वेळ लागला सांगू? जेवून लोक परत आले, कुणीतरी दिवे लावले, तरी मी तशीच बसले होते.

चष्मा घेऊन अण्णा नगरला तुमच्या घरी गेले. मामींनी कॉफी दिली. मी आडून आडून विचारलं, सर रविवारी कुठे जायचे? मामी म्हणाल्या, "दर आयतवारी जात होते. पहाटे उठून, दोन बस बदलून. हिंगे तिंगे नाही, एकाच गावी. येताना वेष्टीच्या सोग्याला अस्की वाळू. हाताला फोड. मी भांडले, ह्या वयात काय हे. म्हणाले, दार वाजवतो आहे." मामींनी गावाचं नाव सांगितलं, मग माझ्याकडे बघितलं. "तुझी वाट बघत होते मा. म्हणायचे, ती एकदा बघेल, मग आपण होऊन येईल, तिला बोलावू नोको."

मला त्या क्षणी तुमचा भयंकर राग आला. सरळ सांगता येत नव्हतं? मेधा, बोया अमुक गावात पडला आहे, चल, एवढं म्हणायला काय लागत होतं? गाडी पाठवली असती, उचलून आणला असता. नंतर रस्त्यात कळलं, म्हणूनच सांगितलं नाहीत. बोया ऑफिसात आला असता आणि चाळणी दारातच राहिली असती. तुम्हाला बोया सापडायला नकोच होता, तो तुम्हाला आधीच सापडलेला होता. मी आपण होऊन बघावं, एवढंच तुम्हाला हवं होतं.

त्या रविवारी मी गेले. गावाचं नाव लिहीत नाही. ईसीआर, म्हणजे किनाऱ्याचा मोठा रस्ता, सोडून आत वळलं की सुरूची झाडं लागतात, मग मासेमाऱ्यांची वीस-पंचवीस घरं, मग पांढरी वाळू. दहा वाजले होते आणि ऊन असं की डोळे उघडे ठेववेनात. होड्या वर ओढलेल्या, जाळी पसरलेली, माणूस एकही नाही. शेवटच्या घरामागे, वाळूच्या खळग्यात, तो बसला होता. पिवळ्या रंगाला हळद फासलेली, कुंकवाचा टिळा, वर मोगऱ्याचा वाळलेला गजरा. पाठीवर आपला आकडा, अकरा, अर्धा पुसलेला. वरची सौरपट्टी मात्र कुणीतरी लखलखीत पुसून ठेवली होती.

एक पाट्टी, म्हाताऱ्या आजी, घरातून बाहेर आल्या. माझ्या मोडक्यातोडक्या तमिळला त्यांनी फार वेळ दिला नाही. वादळानंतर समुद्राने हा परत दिला, म्हणाल्या. विकायचा नाही, हलवायचा नाही, असं गावाने ठरवलं. मग एक दिवस अय्या, म्हणजे तुम्ही, आले. किनाऱ्याने चालत, गावोगाव विचारत आले होते. "तेव्हापासून दर रविवारी यायचे. समोर बसून दोन्ही हातांनी ह्याला झुलवायचे. पाळण्यासारखं. घड्याळ बघून वीस मिनिटं. मग इथेच बसून लेकीला फोन करायचे."

"लेकीला?" मी विचारलं. तुम्हाला लेक नव्हती.

"रोज काम असतं तिला, येईल म्हणायचे," पाट्टी म्हणाल्या. "तूच ना ती? उशीर केलास, अम्मा."

दहा वाजून दहा मिनिटांनी मी वाळूत बसले आणि हात लावला. उन्हाने तो तापला होता. साडेदहाच्या नोंदीसाठी बोया वीस मिनिटं आपलं हलणं मोजत असतो, हे तुम्हीच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतंत. मी त्याला पुढेमागे झुलवू लागले. पाच मिनिटांत खांदे भरून आले, दहा मिनिटांत तळहात सोलले. आणि तुम्ही अडुसष्ट वर्षांचे, हृदयाच्या गोळ्या खाणारे. त्या बोयाच्या पोटात काहीतरी सैल झालं असावं. प्रत्येक हेलकाव्याला आतून टक टक वाजत होतं. साडेदहाला मी थांबले. टक टक अजून दोनदा झालं आणि मग बंद झालं. पाट्टी हातातली टोपली खाली ठेवून बोयाकडे बघत होत्या. अकराला पाच कमी असताना मी फोन हातात घेतला, आणि लावायला कुणी नव्हतं. तेव्हा मी रडले. तुमच्या तेराव्याला रडले नव्हते.

सोमवारी मी तिसरं प्रकरण फाडलं. फाडलं म्हणजे खरंच फाडलं, छापलेली प्रत होती. नवीन लिहिलं: आलेली प्रत्येक नोंद जशीच्या तशी ठेवायची, काही पुसायचं नाही, चाळणी दारात न लावता आत लावायची. प्रत्येक नोंदीवर फक्त खूण करायची: चांगली, शंकास्पद, वाईट. संचालकांनी विचारलं, एकदम मत कसं बदललं? मी त्यांना यादी दाखवली. मग हेही सांगितलं की राव सरांना झेपत नाही हे मी म्हटलं होतं, ते खोटं होतं, झेपत मलाच नव्हतं. ते बराच वेळ यादी वर-खाली करत राहिले. शेवटी म्हणाले, "हे प्रकरण कोणाच्या नावाने जोडायचं?" मी म्हटलं, त्यांच्याच. गावाची समजूत काढून बोया परत आणायचा की तिथेच राहू द्यायचा, ते पुढच्या महिन्यात ठरेल. भिंतीवरच्या नकाशात अकरा नंबरचा ठिपका पुन्हा लागला आहे. तो समुद्रात नाही, किनाऱ्याच्या रेषेवर आहे. येणारा-जाणारा विचारतो आणि मी सांगते.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं, सर. मनाला पटण्यासारखं झालं असतं. पण काही गाळायचं नाही हे आता माझ्याच सहीने ठरलं आहे.

गेल्या रविवारी मी गेले नाही. ताप होता, अंथरुणात होते. सोमवारी सकाळी यादी उघडली. दहाला शून्य. साडेदहाला लाट. छोटीशी, गुडघाभर. अकराला शून्य.

मी गावात फोन लावला. पाट्टी म्हणाल्या, रविवारी अख्खं गाव लग्नाला गेलं होतं, सकाळी सातपासून इथे चिटपाखरू नव्हतं. आल्यावर बघितलं तर गजरा जागच्या जागी होता. मी वाऱ्याचे आकडे काढले. झाडाचं पान हलावं एवढाही वारा नव्हता. बॅटरी ठीक. उपग्रहाची वेळ ठीक. एखादी गाय अंग घासून गेली असेल, हाही विचार केला. पण गाय वीस मिनिटं एका लयीत अंग घासते का? घासतही असेल, मी गायींची तज्ज्ञ नाही. आणि त्या नोंदीतली लय मी ताडून बघितली. ती तुमच्या रविवारांशी जुळते, माझ्या रविवाराशी नाही. माझा हात जरा घाईचा आहे.

पूर्वीच्या नियमाने ही नोंद दारातच गेली असती. तासभर मी तिच्यावर खूण करू शकले नाही. चांगली म्हणवेना. वाईट म्हणवेना. शेवटी 'शंकास्पद' अशी खूण केली, आणि शेऱ्याच्या जागेत लिहिलं, ठेवावी.

आज पुन्हा रविवार आहे. ताप उतरला आहे, तरी मी मुद्दाम गेले नाही. मुलगा बाहेर गेला आहे, कुकर लावलेला नाही, घरात कसलाच आवाज नाही. समोर यादी उघडी आहे, फोन शेजारी आहे, अकराला पाच कमी आहेत.

बघितलं, सर. या वेळी खरंच बघितलं.